ट्रकखालचा माणूस

ही गोष्ट मी पन्नास वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना तर नाहीच. गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठंकुठं जाऊन बसलेल्यांनो, आता लिहितो आहे, कारण मला माझाच वीट आला आहे.

फौजेत निघालो तेव्हा आई मुदखेड स्टेशनवर आली होती. फडक्यात बांधलेले धपाटे हातात देत म्हणाली, "जितं राह्य. आन् परत येशील तवा चारचौघांत तोंड दाखवता यील असा ये." त्याच डब्यात आमच्याच भागातल्या मुरुडचा ज्ञानोबा भेटला. तोही भरती झालेला. धपाटे आम्ही अर्धे अर्धे खाल्ले.

एकाहत्तरच्या लढाईत आम्ही दोघं रसदीच्या ट्रकवर होतो. ट्रकवरचे नंबर मी रंगवायचो, म्हणून तो मला पेंटर म्हणायचा. एका दुपारी विमानं आली. मी ट्रकखाली घुसलो, डोकं गुडघ्यांत घातलं आणि पँट ओली केली. ज्ञानोबा उघड्या रस्त्यावरून जखमींना ओढून आणत होता. सगळं थांबल्यावर त्यानं मला पाय धरून बाहेर काढलं. "ऊठ की रं पेंटर, लई झोपलास," म्हणाला, आणि कुणी बघायच्या आत स्वतःची पाण्याची बाटली माझ्या पँटवर ओतली.

फौज सुटल्यावर मी बडोद्याला गेलो, छापचित्रं शिकलो, तिथलाच झालो. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं चित्र खरवडायचं, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. उघडं पडलेलं तेवढं ॲसिड खातं. माझं पहिलं गाजलेलं चित्र म्हणजे ट्रकखाली मुतलेला जवान. त्याला माझा चेहरा द्यायला हात धजला नाही. मी ज्ञानोबाचा दिला. रुंद कपाळ, तुटका कान, सगळं हुबेहूब. तोच चेहरा मला पाठ होता, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. बडोद्यात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, एवढंच खरं.

चित्र एका दिवाळी अंकात आलं. अंक मुरुडच्या वाचनालयात गेला. पोरं ज्ञानोबाला "ट्रकखालचे मामा" म्हणू लागली. मुरुडला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं मला हे हसत हसत सांगितलं. त्यानंतरही मी त्या पत्र्यावरून प्रती काढत राहिलो. प्रदर्शनात लोक हातात ग्लास घेऊन त्या चेहऱ्यासमोर उभे राहत आणि म्हणत, "किती प्रामाणिक!" मला त्यांची किळस यायची. त्यांची!

गेल्या वर्षी तो चेहरा पत्र्यावरून घासून काढला, तिथं माझा कोरला आणि नवी प्रत नळीत घालून मुरुडला गेलो. ज्ञानोबा ओसरीवर होता.

"आरं पेंटर! मेला न्हाईस अजून?"

सुनेला चहा सांगून त्यानं शेजारी गोळा केले. एकानं विचारलं, "ते ट्रकखालचं चितर तुमीच काडलं व्हय? आमच्या ज्ञानोबाचं?"

मी तोंड उघडायच्या आत ज्ञानोबाच म्हणाला, "हाव, मीच व्हतो की. ह्यानंच पाय धरून भायेर काडलं मला."

सगळे माझ्याकडं आदरानं बघू लागले. मी चहा बशीत ओतला आणि प्यालो.

स्टँडवर सोडायला तो आला. आम्ही दोघंच होतो.

"नळीत काय हाय रं?"

"कॅलेंडर," मी म्हणालो.

दिवाळीत ज्ञानोबा गेला. नळी बडोद्यात दारामागं उभी आहे. आता गाव म्हटलं की मला मुदखेड आठवत नाही. मुरुडचा स्टँड आठवतो, आणि बाकावर माझ्या शेजारी बसलेला तो माणूस.

ज्ञानोबा, ट्रकखाली मी होतो, तुझं तोंड मी वापरलं, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. बस तर पाऊण तास उशिरा आली.