तिसरी प्रत

केझाया लूमिसबाईंना स्वतःचं असं अक्षर उरलंच नव्हतं. ज्याचं पत्र पुढ्यात, त्याचं वळण हातात. नवरा वकिलाकडे नकलनवीस होता. तो गेल्यावर त्याची लेखणी बाईंनी उचलली, आणि फिलाडेल्फियात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकन वसाहतींची काँग्रेस भरायला लागल्यावर वरच्या दोन खोल्या प्रतिनिधींना राहायला दिल्या. त्यातले एक अँब्रोज थॉर्लीसाहेब. भिडस्त, दम्यानं बेजार, पण इंग्रज राजाचं नाव निघालं की खोकला विसरणारे. फ्रान्सला जाणारी त्यांची पत्रं बाईंच्या हाताखालून जात.

एक पत्र समुद्रापार धाडायचं म्हणजे त्याची तीन व्हायची. पहिली प्रत साहेब लिहीत, दुसरी आणि तिसरी बाई. तिन्ही वेगवेगळ्या गलबतांवर चढायच्या, कारण इंग्रजांचं शीड दिसलं की कप्तान टपालाची थैली शिसं बांधून पाण्यात सोडून देई. तिन्हींतली एक पोचली तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. त्यामुळे नुसती तिसरीच प्रत हाती आली, तर पलीकडच्याला त्यात काही वावगं वाटत नसे. पहिल्या दोन तळाशी गेल्या, एवढंच तो समजे.

बाईंचा एकुलता मुलगा ईनॉक समुद्रावर इंग्रजांकडून पकडला जाऊन दोन वर्षं इंग्लंडातल्या प्लिमथच्या तुरुंगात होता. कैद्यांची अदलाबदल होणार अशी बोलणी चालू होती. "पुढच्या पत्रात त्याचं नाव घालतो बाई," थॉर्लीसाहेब म्हणाले होते. "फ्रान्सात नाँत बंदरावर आपला माणूस हॅथवे आहे, तो बघेल सगळं." आणि तेरा जानेवारीला साहेबांना ताप भरला. एकवीस तारखेला ते गेले. पत्र लिहायचं राहिलं ते राहिलंच.

चार दिवसांनी नणंद, डॉर्कस, स्वयंपाकघरात बाजाराची यादी हातात धरून उभी राहिली.

"वहिनी, हे कुणी लिहिलं?"

"मीच. का?"

"हे थॉर्लीसाहेबांचं अक्षर आहे. मक्याचं पीठ, मीठ, मेणबत्त्या. मेलेल्या माणसाला आता बाजारात धाडता की काय?"

बाई हसल्या. मग कागद हातात घेतला आणि त्यांचं हसणं विरलं. 'म'चा तो वाकडा पाय, शब्दाशेवटी दमल्यासारखी खाली घसरणारी ओळ, सगळं साहेबांचंच होतं. आपलं अक्षर आठवून दुसरी यादी लिहायला बसल्या, तर तीही तशीच उतरली.

त्याच दुपारी त्यांनी मनाशी ठरवलं. एका विधवेचं पत्र हॅथवे कशाला मनावर घेईल? प्रतिनिधीचा शब्द हवा. आणि तो तर हातात होता. पकडलं गेलं तर काय होईल, याचा विचार त्यांनी केला नाही असं नाही. पण प्लिमथमध्ये ईनॉक काय खात असेल, हा विचार त्याहून मोठा होता.

खिडकीशी बर्फाचा पांढरा उजेड होता. बाईंनी माथ्यावर लिहिलं, 'तिसरी प्रत. पहिल्या दोन आधी रवाना.' त्या दोन कधी नव्हत्याच. तारीख घातली चौदा जानेवारी, म्हणजे साहेबांना उठून बसता येत होतं तो शेवटचा दिवस. मजकूर एवढाच: ईनॉकचं नाव अदलाबदलीच्या यादीत घालावं, तो सुटताच पहिल्याच गलबतानं घरी धाडावा. 'पहिल्याच' या शब्दावर लेखणी चिरली. नवं पीस तासलं, तेही चिरलं. तिसऱ्यानं एकदाचं लिहिलं.

मार्चमध्ये कप्तान स्कीन पत्र थैलीत टाकताना म्हणाला, "मेल्यावरही माणसाची कामं सुटत नाहीत बघा, बाई."

ऑक्टोबरात त्याच स्कीननं हॅथवेचं उत्तर आणून दिलं. वर नाव थॉर्लीसाहेबांचं. डॉर्कससमोर बाईंनी ते फोडलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

'आपल्या चौदा जानेवारीच्या पत्राच्या तिन्ही प्रती मिळाल्या. पहिली आणि दुसरी एप्रिलात, तिसरी मेच्या सुरुवातीला.'

बाई थांबल्या. डॉर्कस म्हणाली, "तिन्ही कुठल्या? तुम्ही तर एकच..."

"गप्प बसा वन्सं."

'ईनॉक लूमिस सुटून इथे आला आहे. पहिल्या दोन प्रतींत आपण बजावलंत, त्याला हेरन गलबतावर चढू देऊ नका. तिसरीत मात्र पहिल्याच गलबतानं धाडा असं आहे, आणि पहिलं गलबत हेरनच होतं. नकलेत चूक झाली असावी असं धरून मी पहिली प्रत प्रमाण मानली. हेरन मेअखेरीस वादळात बुडालं, एकही माणूस वाचला नाही. मुलाला पुढच्या गलबतानं धाडतो. एक विचारतो. हेरन आम्ही मार्चमध्ये विकत घेतलं आणि तेव्हाच त्याचं ते नाव ठेवलं. जानेवारीत आपल्याला ते कसं ठाऊक?'

बाई तशाच धक्क्यावर गेल्या. "कप्तान, साहेब आजारी असताना त्यांचं टपाल कुणी नेलं?"

"जानेवारीत? नदी गोठली होती बाई. एक होडीसुद्धा हलली नाही."

नोव्हेंबरात ईनॉक आला. गालफडं बसलेली, आवाज बापासारखा झालेला. दोन वाडगे पेज संपवून म्हणाला, "आई, थॉर्लीसाहेबांचे पाय धरायचेत मला. वर आहेत का?"

बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हॅथवेला उत्तर लिहिलं. थॉर्लीसाहेब एकवीस जानेवारीला वारले. तिसरी प्रत मी लिहिली, त्याची काय ती शिक्षा मला व्हावी. पहिल्या दोन कुणी लिहिल्या, मला ठाऊक नाही. खाली सही केली, केझाया लूमिस.

शाई सुकावी म्हणून ईनॉकनं तिच्यावर वाळू भुरभुरवली आणि कोरा कागद ओढला. "दुसरी प्रत मी करू?"

बाईंनी त्याच्या हातातला कागद काढून घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "ती करणारं असेल कुणीतरी."