तिसऱ्या हिवाळ्याचा आकडा

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहत होतो आणि मी एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. समुद्रकाठावरून काचेच्या बाटल्यांत भरून आणलेल्या हवेतला ऑक्सिजन मोजायचा, हे माझं काम. पेट्रोल, कोळसा जाळला की ऑक्सिजन खर्च होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हवेत तो इतका आहे, की त्यातली किंचितशी घट पकडता येईल असं यंत्र बसवण्यातच आमचे कितीतरी महिने गेले. उन्हाळ्यात झाडं वाढली की आकडा चढायचा, हिवाळ्यात उतरायचा. दुसऱ्या हिवाळ्यात तो पहिल्याच्याही खाली गेला. मी बाटल्या पुन्हा यंत्राला लावल्या. तेच. प्रोफेसरांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि पहिल्या हिवाळ्याची वही मागवली.

त्या रविवारी घरी मंडळी जेवायला होती. न राहवून मी सांगून टाकलं. नागपूरचे एक डॉक्टर काका श्रीखंड वाढून घेत म्हणाले, "म्हणजे गुदमरून मरणार की काय आपण?"

"नाही काका. जमिनीतलं सगळं तेल जाळलं तरी श्वासापुरता राहील."

"मग टेन्शन कशाला घेतेस?"

सगळे हसले.

"पण जाळल्यावर हवेत जो कार्बन डायऑक्साइड साठतो ना, त्यानं पृथ्वी तापत..." मी म्हणत होते, तोवर विषय आमच्या नव्या गाडीवर गेला. नवराच काकांना ती दाखवायला बाहेर घेऊन गेला. आठ वर्षांची मुलगी तेवढी माझ्याजवळ थांबली.

"सो वी आर ओके, राइट?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

काही महिन्यांनी नवऱ्याला टेक्ससमध्ये प्लेनोला एका तेलाच्या पाइपलाइन कंपनीत नोकरी लागली. "तुझं काम तिकडेही मिळेल," तो म्हणाला. मिळालं नाही. खरं तर मीही फारसं शोधलं नाही. तिथे दुधासाठीसुद्धा गाडी काढावी लागे. सुरुवातीला हायवेवरच्या रांगांतल्या गाड्या मी मोजत बसायचे. मग तेही सुटलं.

वर्ष संपता संपता प्रोफेसरांचं पत्र आलं. तिसऱ्या हिवाळ्याचा आकडा आणखी खाली होता. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मुलीला पियानोच्या क्लासला सोडायला गेले. तासभर पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. थंडी फार होती, म्हणून हीटरसाठी इंजिन चालूच ठेवलं.