मावशीची लंगडणारी बाई

मावशीचा डावा पाय लहानपणापासून आखूड. ऑफिसच्या जिन्यात ती चढतेय हे आवाजावरूनच कळतं आणि सगळे आपापले फोन खिशात घालतात. मी तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणून मला सवलत वगैरे नाही. उलट दोन बोलणी जास्त.

ती ॲनिमेशन करते, मी ते वेबसाइटवर चढवतो. एका बससेवेचं काम होतं. वेळापत्रक उघडेपर्यंत पडद्यावर एक बाई बसकडे चालत जाते, एवढंच. मावशीने ती बाई लंगडती काढली.

थांब्यावरच्या लोकांचे फोन जुने, म्हणून फाइल शंभर केबीत बसवायची होती. ती तिप्पट भरली. आमच्या मालकांना सगळं चमकतं लागतं, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना चकाकी म्हणतो. त्यांना आयती संधी मिळाली.

"लंगडणं काढा. सरळ चालली की फाइल हलकी होईल."

"म्हणजे मी बस पकडायचीच नाही?"

"अहो, तुमच्याबद्दल कुठे? मी फाइलबद्दल बोलतोय."

"मग फाइलबद्दलच बोलू. आज संध्याकाळपर्यंत लंगडण्यासकट शंभरात बसवते. नाही बसली तर चालवा तिला सरळ."

मी तिच्या कानाशी वाकलो. "मावशी, कशाला पैज लावतेस?"

"तू गप. आकडा वाच."

सुरुवात तिने स्वतःच्या चित्रांपासून केली. प्रत्येक चित्रात पाय नव्याने काढले होते. आता मांडी, पोटरी, पाऊल एकदाच काढून सांध्यात फिरवले. केसांच्या रेषेला आकार देणारे निम्मे बिंदू उडवले. चित्राच्या खालच्या थरात लपवलेली, पडद्यावर न दिसणारी झाडं सापडली.

"ही कोणी ठेवली?"

"तूच."

"मग बघतोस काय, काढ!"

तरी फाइल शंभरच्या वरच. मग दर वेळी एकेक भाग लपवून ती फाइल नव्याने तयार करू लागली, म्हणजे कोण किती जड ते कळेल. लंगडणं लपवलं, आकडा जेमतेम हलला. कोपऱ्यात फिरणारा आमच्या कंपनीचा लोगो लपवला, आणि आकडा धाडकन खाली. लोगोची चमक म्हणजे एक भलामोठा फोटो होता, चकाकींनी हौसेने घालायला लावलेला.

"सापडला फुकटा प्रवासी!" मावशी म्हणाली, आणि चार रेषांत, एका रंगात लोगो काढून मोकळी झाली. फाइल शंभराच्या आत.

चकाकी आले. "लोगो फिरत का नाही?"

"जड झाला होता. उभा राहू दे. चालायचं काम ती करतेय."

"पण लोक तिच्या पायाकडेच बघतील!"

"बघू देत. माझ्याकडे बघतातच की."

त्यांनी आकडा दोनदा पाहिला, जुन्या फोनवर बाई चालवून पाहिली. कुठे अडकली नाही. शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "निदान थोडं कमी लंगडू दे."

मावशीने खुर्ची मागे सरकवली, मधली वाट मोकळी केली.

"थोडं म्हणजे किती? दाखवा चालून."

चकाकी जागचे हलले नाहीत. मी फाइल तशीच चढवून टाकली.