पुस्तकात नसलेली नस

तंजावूरहून फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. शरीररचनाशास्त्र विभागाच्या नव्या प्रमुख इंग्रजीत घाईघाईने बोलत होत्या. तुळजाराम सर गेले, दिवसकार्यही झालं, अमेरिकेतला मुलगा येऊन परतसुद्धा गेला... आणि मग, "सरांच्या रजिस्टरमध्ये एक ओळ हिंदीत आहे. आम्हाला कुणाला लागत नाही. तुम्ही येऊन वाचाल का?" माझे गुरू गेल्याचं मला इतक्या उशिरा कळलं, आणि रडू येण्याआधी मला आली ती भीती. सर हिंदी लिहीत नसत. ती ओळ मराठीच असणार, आणि ती कुठल्या पानावर असेल याचा मला अंदाज होता.

नवऱ्याची बँकेतली बदली मला तंजावूरला घेऊन गेली, तेव्हा गावात कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ उघडत होते आणि घराघरांत केबल येत होती. तामिळ मला ओ की ठो येत नव्हतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे मुलांना विच्छेदन दाखवायची, नोकरी मिळाली, पण दिवसदिवस कुणाशी चार शब्द बोलणं व्हायचं नाही. पहिल्याच आठवड्यात टेबलावर वाकलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "तुमी मराठी की? बरं झालं, अम्मा. आमच्या घरांत बोलायला माणूस उरलं नाही." हेच तुळजाराम सर. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. बायको वारलेली, मुलगा फोनवर इंग्रजीत उत्तरं देणारा. मराठी बोलायचे अस्खलित, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. मग जेवणाच्या सुट्टीत दहीभाताचे डबे बाजूला सारून मी त्यांना जुन्या हजेरीपटांच्या पाठीवर अक्षरं गिरवायला लावायची. साठीला टेकलेला हा माणूस 'ज' हटकून उलटा काढायचा आणि मी रागावले की पोरासारखा हसायचा. त्या अर्ध्या तासासाठी मी सकाळची उठत असे, असं म्हटलं तरी चालेल.

बदल्यात त्यांनी मला हात शिकवला. खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड हे सरांचं वेड. आपल्या दंडात एक नस एका स्नायूला भेदून पलीकडे जाते आणि दुसरी, मीडियन नावाची, शेजारून सरळ खाली उतरते. पुस्तकातल्या चित्रात दोघींचा काही संबंध नसतो. प्रत्यक्षात मात्र काही माणसांत त्या दोघींमध्ये एक बारीक दुवा निघतो. कुणाच्या बायसेप्स स्नायूला दोनाऐवजी तीन मुळं असतात. कुणात तर पहिली नस नसतेच, तिचं सगळं काम मीडियनच करते. दर वर्षी विभागात येणाऱ्या प्रत्येक देहाचे दोन्ही दंड सर स्वतः तपासत, रजिस्टरमध्ये पेन्सिलीने चित्र काढत आणि खाली इंग्रजीत टिपण लिहीत. "पुस्तक बघून सर्जन कापंल, आणि त्या माणसाचा हात लुळा पडंल," ते म्हणायचे. "जे दिसतं तेच लिव्हायचं, अम्मा. पुस्तक काय म्हणतं ते नको."

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या सकाळची गोष्ट. सहा नंबरच्या टेबलावरच्या देहाच्या डाव्या दंडात सरांना जाड, ठसठशीत दुवा सापडला होता. एकाच देहात दोन्ही बाजूंना तो असलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. उजवी बाजू ते दुपारी स्वतः उघडणार होते, मला फक्त कातडी सोडवायला सांगितली होती. मी हौसेने पुढे गेले. दुवा दिसला. ती नसच आहे हे मला कळलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पण बाहेरचे परीक्षक येणार, मुलं गोंधळणार, कुणीतरी विचारणार की हे काय मध्येच... मी कात्री घेतली आणि हात पुस्तकासारखा करून टाकला.

दुपारी सर भिंग घेऊन आले. तुटलेली दोन टोकं त्यांनी बराच वेळ पाहिली. "कोण साफ केलं हे?" "पोरांनी केलं असेल, सर," मी म्हणाले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "परवा इल्लै," असू दे. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे अक्षरं गिरवायला बसले. मी मात्र त्यानंतर दोन वर्षं ते रजिस्टर उघडलं नाही. ते ठेवलेल्या कपाटापुढून जातानाही नजर दुसरीकडे वळवायची. आमची बदली झाली तेव्हा सरांनी सहज विचारलं, "रजिस्टर बघून जातां की?" बांधाबांध राहिलीय म्हणून मी सटकले. स्टेशनवर ते आले होते, गाडी हलली तरी उभे होते. पुढे मी पत्रंही मोजकीच लिहिली.

गेल्या महिन्यात तंजावूरला गेले. फॉर्मॅलिनचा वास तोच होता, सरांच्या टेबलावर आता कॉम्प्युटर होता. प्रमुखबाईंनी पान उघडलं. डावा दंड पूर्ण रेखलेला. उजव्या दंडात दोन तुटकी टोकं आणि मध्ये ठिपक्यांची रेघ. इंग्रजी टिपणाखाली परीक्षेच्या दिवसाची तारीख आणि एकच ओळ, थरथरत्या देवनागरीत, 'ज' उलटा: "उजवी बाजू तुळजारामानं कापली."

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय की उजवी बाजू तुळजारामने कापली. ते खरं नाही. मी कापली."

"सर कधी चुकीचं नोंदवत नसत," त्या म्हणाल्या.

"एवढ्या जाड वहीत हे एकच," मी म्हणाले आणि पेन मागितलं. ओळ खोडली नाही, तिच्याखाली इंग्रजीत माझं नाव आणि मी काय केलं ते लिहिलं. त्या वाचत होत्या.

"पण मग त्यांनी हे या लिपीत का लिहिलं?" त्यांनी विचारलं. "इथे हे वाचणारं होतं कोण?"

"मी होते," मी म्हणाले. "दोन वर्षं होते... रोज."