यांचा लाल साबण

नवरा गेला आणि तेरवी व्हायच्या आत माझ्या जावेनं घर असं धुऊन काढलं, की इथं कधी पुरुष माणूस राहत होता की नाही, असा प्रश्न पडावा. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, सगळं मशीनमध्ये. शर्ट-पँट वाटून टाकले. मी हॉलमध्ये आल्यागेल्यासमोर बसून होते, मला कोणी विचारलं नाही. बाई कामाची, दोष तरी काय द्यायचा! पण सगळे आपापल्या गावी गेल्यावर मी यांची उशी नाकाला लावली, तर नुसता डिटर्जंटचा लिंबूवास. दुसरं काहीच नाही.

उरला तो एक साबण. बाथरूमच्या खिडकीत, यांच्या वेगळ्या डबीत. मेलेल्या माणसाचा वापरलेला साबण कोण नेणार, आणि फेकायचं तरी कोणाच्या लक्षात येणार?

त्या साबणाशी माझं जुनं वैर. हे बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात मशीनदुरुस्तीला होते. संध्याकाळी घरी आले की हातापायांचं ऑइल काढायला यांना तोच लागायचा, लाल, औषधी वासाचा, दगडासारखा टणक. अर्ध्या तासात घराचा दवाखाना व्हायचा. मी म्हणायची, अहो, यानं तर म्हैसही अंग धुऊ द्यायची नाही. हे हसायचे आणि मुद्दाम ओला हात माझ्या गालाला लावायचे. अस्सा संताप यायचा! डबी वेगळी मीच करून दिली होती. आणि आजही सांगते, साबण वाईटच होता.

एक दिवस मी तो उचलला. कढत पाणी घेतलं, आणि यांच्यासारखंच प्लास्टिकच्या जाळीनं अंग घासघासून धुतलं. संध्याकाळी वरणाला फोडणी देताना मागून तोच वास आला. मी गॅस बारीक केला, वळले, आणि 'आले का?' म्हणून विचारूनही बसले. मागं कोणी नव्हतं. वास माझ्याच हाताचा होता. खरं तर भीती वाटायला हवी होती. मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

मग काय, सवयच लागली. सकाळी एक अंघोळ, संध्याकाळी यांच्या येण्याच्या वेळेला दुसरी. वडी झिजली तशा सदर बाजारातल्या दुकानातून नव्या आणल्या. रोज संध्याकाळी हे यायचे आणि रोज मी वळायची. मागं कोणी नसतं हे मला ठाऊक होतं, तरी वळायची.

थंडी आली. आमच्या नागपूरची थंडी अशी कोरडी, की धडधाकट माणसाचे ओठ उलतात. माझ्या नडग्यांवर पांढऱ्या खपल्या धरल्या, मग हातांना चिरा पडल्या. खाज सुटली की नखाबरोबर रक्तच यायचं. मनीषनगरातल्या आमच्या शेजारणी म्हणाल्या, वय झालं, खोबरेल लावत जा. सकाळी खोबरेल लावायची आणि संध्याकाळी ते साबणानं घासून काढायची. शहाणपण बघा माझं.

पुण्याहून मुलगी आली. माझे हात बघून तिनं पर्सही खाली ठेवली नाही, तशीच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण, पण समजावून सांगणारी. म्हणाली, दुधावर साय धरते तसा चामडीवर पातळ तेलकट थर असतो. तो आतला ओलावा धरून ठेवतो आणि बाहेरचं काही आत शिरू देत नाही. कढत पाणी, जाळी, कडक साबण, तेही दोनदोनदा म्हणजे साय धरायच्या आत ती काढून टाकणं. कोमट पाण्यानं एकदाच अंघोळ करा, सौम्य साबण लागेल तिथंच लावा, अंग ओलसर असतानाच मलम लावा. मग विचारलं, साबण कोणता? मी म्हटलं, तोच आपला दुधाचा, पांढरा. थाप मारताना जीभ जराही अडखळली नाही. त्या संध्याकाळी पुन्हा लाल वडी घेतली.

मलम निम्मं संपलं तरी चिरा भरेनात. एका सकाळी मुलीला खिडकीतली डबी दिसली. ती हातात घेऊनच बाहेर आली.

"आई, तू डॉक्टरले खोटं काहून सांगितलं वं?"

उत्तर होतं, पण ते सांगायचं कसं? चामडी जाते तर जाऊ दे, हा साबण गेला की तुझे बाबा दुसऱ्यांदा जातील, असं लेकीला सांगतात का कोणी? ती तणतणत कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली. तिथं थांबली. डबी नाकाशी नेली. मग बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून घेतली.

नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली ती ओल्या केसांनी, रडून डोळे लाल झालेले, आणि तिच्या अंगाला बापाचा वास. सोफ्यावर बसून तिनं मनगट नाकाशी धरलं होतं, मी रोज धरते तस्संच. पोरीची चामडी जन्मापासून नाजूक. उन्हाळ्यात कूलर चालू असला तरी घामोळ्यांनी लाल व्हायची, आणि हे घडी केलेल्या पेपरनं तिला वारा घालत बसायचे. दुपारपर्यंत ती दंड खाजवायला लागली. निघायच्या आधी बॅग भरताना हळूच म्हणाली,

"आई, एक वडी मी पुण्याले नेऊ का?"

"नाही. तुले नाही देत मी."

ती रडली. मीही रडले. पण दिली नाही.

ती गेल्यावर तो साबण अंगाला लावणं मी सोडलं, पण उरलेल्या वड्या माझ्यानं फेकवल्या नाहीत. दारातलं पायपुसणं भिजवलं आणि त्या साबणानं धुतलं. डॉक्टरीणबाईच्या शब्दाखातर हातात रबरी मोजे घातले होते. वड्या संपेपर्यंत रोज तेच पायपुसणं धूत होते, शेजारणींना वाटलं बाईला वेड लागलं. त्या दिवसांत दार उघडलं की हे नुकतेच बूट काढून आत गेलेत असं वाटायचं. मग साबण संपला, आणि पायपुसण्याचा वासही उडाला.

आता हातांच्या चिरा भरल्यात. डॉक्टरीणबाई खूश आहे. तिनं मलम मुद्दाम बिनवासाचं दिलं आहे. संध्याकाळी फोडणी देताना माझी मान अजून मागं वळते. आता तिथं फोडणीचाच वास असतो.