सर्व्हिस किती बारीक चिरायची

ऑस्ट्रेलियातल्या क्वेकर्स हिलच्या पद्माकर बेहेरेला कुठलीही अखंड गोष्ट बघवत नसे. पॅरामॅटाच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होता. मोठ्या सिस्टिमचे छोटे, आपापले चालणारे तुकडे पाडायचे, हे त्याचं काम. या तुकड्यांना मायक्रोसर्व्हिस म्हणतात. तुकडा किती छोटा असावा याबद्दल जगात वाद आहे. पद्माकरच्या मनात नव्हता.

२०२१च्या लॉकडाऊनमध्ये त्यांना एका खासगी लॅबचं काम मिळालं. कोविड टेस्टचे निकाल लोकांना मेसेजने कळवायचे. पद्माकरने त्याची अशी वाटणी केली, जशी पंगतीत मीठ वाढणारा वेगळा, लिंबू वाढणारा वेगळा. फोन नंबर तपासणारी सर्व्हिस टीममधल्या यामिनीकडे आणि मेसेज पाठवणारी सलिलकडे. दोघंही घरून काम करत. त्यांना एकमेकांशी बोलावंच लागू नये, यात पद्माकरला डिझाइनचं सौंदर्य दिसे. ही दोन कामं एकत्रच ठेवू या का, असं सलिलने एकदा विचारलं होतं. पद्माकरने त्याला तासभर स्लाइड्स दाखवल्या. पुन्हा सलिलने काही विचारलं नाही.

मग पद्माकरच्या बायकोचा घसा दुखायला लागला. दीप्ती वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स. टेस्ट देऊन आली ती थेट बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. निकाल निगेटिव्ह आला की बाहेर. तोवर स्वयंपाक पद्माकरकडे.

निकाल येईना. तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मैत्रिणीचा, सुहासिनीचा, केव्हाच आला होता. शेवटी दीप्तीने बेडरूममधून किचनमध्ये फोन लावला.

"तुमचीच सिस्टिम ना ही?"

"हो. इकडे स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय."

"मला फक्त तुझा भात दिसतोय. तोही हिरवाच आहे."

"पालक घातलाय," पद्माकर म्हणाला.

त्याने यामिनीला गाठलं. तिच्याकडून नंबर बरोबर गेला होता. सलिलने आलेल्या नंबरावर मेसेज पाठवला होता. दोघंही खरं सांगत होते. नाइलाजाने पद्माकरने दोघांना प्रथमच एका कॉलवर आणलं, तेव्हा उलगडा झाला. पुण्याच्या नातेवाइकांना नंबर देऊन देऊन दीप्तीला तो ऑस्ट्रेलियाच्या एकसष्ट या कोडपासून लिहायची सवय लागली होती. यामिनीच्या सर्व्हिसला तसा लिहिलेला चालायचा, शून्याने सुरू होणाराही चालायचा. सलिलची मात्र पहिला आकडा शून्यच असणार असं धरून तो उडवायची आणि पुढे एकसष्ट लावायची. दीप्तीच्या नंबरातला सहाच उडाला होता.

"मग मेसेज गेला कुठे?"

"कुठेच नाही," सलिल म्हणाला.

"आणि ते आपल्याला कळलं कसं नाही?"

"मेसेज पोचला का, हे बघायची सर्व्हिस वेगळी आहे. ती तू अजून कुणाला दिलेली नाहीस."

दीप्तीचा नंबर तेवढा दुरुस्त करून भागलं असतं. डिझाइन शाबूत राहिलं असतं. पण असे एकसष्टवाले अर्ध्या क्वेकर्स हिलमध्ये बंद दारांआड बसले असणार. आतून दीप्ती खोकली.

"दोन्ही एक कर," पद्माकर म्हणाला. "सलिल, सगळं तुझ्याकडे घे."

"पण स्लाइड्समध्ये..."

"स्लाइड्सचं मी बघतो."

यामिनीने मग मी काय करू असं विचारलं. पोचलं की नाही ते बघ, असं तिला सांगण्यात आलं.

आर्व्होला, म्हणजे दुपारी, मेसेज आला. निगेटिव्ह. दाराआडून सगळा कॉल ऐकलेली दीप्ती बाहेर आली, किचनकडे न बघता सोफ्यावर टेकली.

"असे अजून किती तुकडे केलेस रे?"

"तू आधी चहा घे," पद्माकर म्हणाला.