अकरा चित्रं घेऊन साखरशेतला

जव्हारला जायचं म्हटलं की लोक पावसाळ्याची वाट बघतात. मी गेले दिवाळीनंतर, आणि तेही धबधबे बघायला नाही. मागच्या सीटवर अकरा चित्रं होती, जुन्या चादरींत गुंडाळलेली, आणि माझ्या शेजारी त्यांची चित्रकार बसली होती.

नाशिकला माझं फ्रेमचं दुकान आहे. सुनंदा सहा वर्षांपासून माझ्याकडे चित्रं आणते. एका शाळेत ती चित्रकला शिकवते. तिच्या चित्रांत आकाश नसतं. तांबड्या रेघा, पिवळे-हिरवे तुकडे, काळे चौकोन. बघणारे म्हणतात, छान आहे, पण कळत नाही. त्या आठवड्यात प्रदर्शन भरवणाऱ्या एका गृहस्थांनी तिला सांगितलं, "तुम्ही जव्हारकडच्या ना? मग गेरूवर पांढरी माणसं काढा. ते विकलं जातं. हे चौकोन कुणाचेच नाहीत."

ती थेट दुकानात आली. "ताई, सगळी चित्रं गावी नेते. आमच्या लोकांना दाखवते. त्यांनाही काही दिसलं नाही, तर मी हे बंद करते."

काचेच्या फ्रेमा एसटीतून कशा नेणार? मी गाडी काढली.

नाशिकहून पहाटे निघालो. त्र्यंबक सोडलं की गर्दी मागे राहते आणि वळणं सुरू होतात. मोखाड्यापर्यंत रस्ता बरा आहे, पण मधेमधे खड्डे असे येतात की दर वेळी मी मागे वळून चादरींकडे बघायचे. मोखाड्यात गरम वडे आणि चहा घेतला. डोंगरउतारावर नाचणी कापायला आली होती. इथे तिला नागली म्हणतात. टाकीत पेट्रोल भरून निघा आणि फोनच्या नकाशावर फार विसंबू नका, रेंज जाते.

वाटेत सुनंदा लहानपणाबद्दल बोलली. दर वर्षी दिवाळी झाली की आईवडील भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. सुरुवातीला ती बरोबर जायची. मग शाळा बुडते म्हणून तिला काकीकडे ठेवलं. शाळा सुटली की ती बकऱ्या घेऊन टेकडीवर चढायची. "वरून आमचं घर दिसायचं. कुणी नसलेलं. मी बघत बसायचे. खाली आल्यावर खिळ्याने मातीत काढायचे."

"वडिलांनी चित्रं पाहिलीत?"

"नाही. त्यांना वाटतं मी शाळेत फुलं-फळं काढते."

मुक्काम जव्हारला केला. एसटी डेपोजवळ हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते. संध्याकाळी हनुमान पॉइंटवर गेलो. समोर दरी पसरली होती, आणि सुनंदा दरीकडे पाठ करून नखं कुरतडत होती. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण होतं. मी दोन भाकरी खाल्ल्या, तिने अर्धी.

दुसऱ्या दिवशी जव्हारहून साखरशेत, सुनंदाचं गाव. समाजमंदिराच्या भिंतींना खिळे होतेच, कॅलेंडरांचे. तासाभरात चित्रं लागली. माणसं आली, चपला बाहेर काढून रांगेत उभी राहिली. कुणी बोलेना. सुनंदाचे वडील जानूकाका सगळ्यांत मागे होते, हातात टोपी. दहा मिनिटं गेली. सुनंदाचा चेहरा उतरत चालला होता.

मग गंगूबाई नावाची एक म्हातारी मान वाकडी करत पुढे आली. "हे उलटं टांगलंय."

मी पुढे झाले. "कशावरून, मावशी?"

"ओहळ वर चढतो काय कधी?"

इतका वेळ माणसांच्या चेहऱ्यांकडेच बघणाऱ्या सुनंदाने आता चित्र नीट पाहिलं आणि ती ओरडली, "ताई, हुक उलट्या बाजूला लागलेत!" ते चित्र नाशिकच्या एका हॉलमध्ये दोन महिने तसंच लटकलं होतं; शाळेमुळे सुनंदाला तिथे जाता आलं नव्हतं. कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मी तिथेच पकड मागवून हुक बदलले.

चित्र सुलटं झालं आणि गर्दीचा बांध फुटला. "ही शाळेची वाट." "हा आमचा खळा." "आन हे राब!" राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन. ज्या काळ्या चौकोनांना शहरात कुणी दुःख म्हणालं होतं, कुणी रात्र, त्यांत बायका आपापली शेतं मोजून दाखवू लागल्या. एकीने तर भांडणच काढलं, तिचा बांध दोन बोटं सरकला होता म्हणून.

जानूकाका सर्वांत मोठ्या चित्रापुढे थांबले. बोट काचेला न लावता हवेत फिरवत राहिले.

"बोरीखाली बसून बघलंस तू हे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"सगल्यांचे राब भाजलेले. आपल्याच शेतात काय नाय." त्यांचं बोट एका कोऱ्या चौकोनावर थांबलं. "आमी भट्टीवर होतो त्या साली. मालकानं लवकर सोडलं नाय."

सुनंदाने नुसती मान हलवली. काकांचं बोट चित्रभर काहीतरी शोधत राहिलं. मग म्हणाले, "मंग आमी आलो, ते कुठं आहं?"

तिने त्यांचा हात धरला आणि शेजारच्या चित्राकडे नेलं. तोच उतार, तीच शेतं, पण आता त्यांचाही चौकोन काळा. आणि खालच्या कोपऱ्यात तांबड्या वाटेवर दोन बारीक ठिपके.

"हे काय, येताय की तुम्ही दोघं."

काकांनी टोपी तोंडावर धरली. टोपी खाली आली तेव्हा ते हसत होते आणि डोळे पाण्याने भरले होते. गर्दीकडे वळून मोठ्यांदा म्हणाले, "ओ, हिकडं या! ह्यो मी आहं!"

दुपारी सुनंदाने त्या प्रदर्शनवाल्यांना फोन केला. रेंजसाठी ती पाण्याच्या टाकीवर चढली होती, त्यामुळे अर्ध्या गावाने ऐकलं. "नाही सर, पांढरी माणसं नाही काढणार. हेच काढणार. हे कुणाचं आहे ते मला आता माहीत आहे." खाली पोरींनी टाळ्या वाजवल्या. निघताना सरपंचबाईंनी समाजमंदिराची मागची भिंत तिच्या नावावर केली. रंग गाव देणार, शेतं तिने काढायची, बांध नीट मोजून.

परतीचा रस्ता तोच होता, पण सुनंदा मोखाड्यात चार वडे खाऊन मग त्र्यंबकपर्यंत गाढ झोपली.

घरी आल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. सहा वर्षं मी त्या चित्रांच्या कडा मिलिमीटरने मोजल्या, आणि ती कुठे बसून काढलीत हे एकदाही विचारलं नाही. आता दुकानात चित्र आलं की आधी तेच विचारते. कामाला वेळ लागतो, पण गिऱ्हाईक खुलून बोलतं.

महिन्याभराने आम्ही नाशिकला एक छोटा हॉल घेऊन तीच अकरा चित्रं लावली. जानूकाका एसटीने आले, इस्त्रीचा सदरा घालून. कुणी चित्रापुढे रेंगाळलं की ते जवळ जाऊन सांगायचे, ओहळ कुठून येतो, राब कधी भाजतात, बोर कुठे आहे. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला. सात चित्रं गेली. मोठं चित्र त्यांनी विकू दिलं नाही.

आणि हॉल बंद करताना चार जणांनी मला विचारलं, साखरशेतला जायचं कसं? म्हणून हे सगळं लिहिलं.